चित्रातलं कुंकू

१

धंतोलीतल्या देहाडराय वस्तुसंग्रहालयात मोठ्यानं बोलायची कुणाची छाती होत नसे. गोंडराजांच्या गंजक्या तलवारी, भुसा भरलेले पक्षी आणि या सगळ्यांवर व्यवस्थापिका लतिकाबाई मुजुमदारांची करडी नजर. आत शिरलेला माणूस आपोआपच पाऊल हलकं टाकायचा. अशा ठिकाणी, भाद्रपदातल्या त्या कोमट दुपारी, एकदम आरडाओरडा झाला.

"कोणी पुसलं हे? अरे, कोणाची हिंमत झाली?"

दालनाच्या दुसऱ्या टोकाला इन्स्पेक्टर मधुसूदन पांढरीपांडे मातीच्या एका मूर्तीसमोर उभे होते. उभे कसले, पेंगत होते म्हणा ना. सकाळी घरी वडिलांचं श्राद्ध झालं होतं. वडील कामठी रोडवर ट्रकखाली गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण पितृपक्षातला हा दिवस मधुसूदन कधी चुकवत नसत. वडे आणि खीर पोटात जड झाली होती, रजा होती, आणि पोलीस लाइनीजवळच राहणाऱ्या लतिकाबाईंनी महिनाभर पिच्छा पुरवला होता. म्हणून ते 'नागपूरचे कलावंत' हे प्रदर्शन बघायला आले होते.

प्रदर्शन तसं धाडसाचंच होतं. शाळेतले ड्रॉइंग मास्तर, पाट्या रंगवणारे पेंटर आणि चितारओळीत पिढ्यान्‌पिढ्या गणपती घडवणारे मूर्तिकार, या सगळ्यांना लतिकाबाईंनी एका छताखाली आणलं होतं. गणपतीच्या दिवसांत, महालक्ष्म्या उठल्यावर उद्घाटन झालं तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. आता पितृपक्षात शुकशुकाट होता. पितरांच्या पंधरवड्यात चित्रं बघायला कोण येतंय?

मधुसूदन आवाजाच्या दिशेनं गेले. पहिलं बक्षीस मिळालेल्या चित्रासमोर एक तरुण संग्रहालयाच्या शिपायाची कॉलर धरून त्याला गदागदा हलवत होता. तरुण म्हणजे शाळेतला ड्रॉइंग मास्तर, चित्रकार मुकुंद आष्टनकर. शिपाई म्हणजे धोंडबा, पिकल्या केसांचा, शांत माणूस. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कॉलर सोडा," मधुसूदन म्हणाले. आवाज न चढवता सांगायची त्यांना सवय होती. कॉलर सुटली.

चित्र एका बाईचं होतं. उंबऱ्यावर बसलेली, सावळी, विशी-पंचविशीतली. हातात काही काम नाही, डोळे रस्त्याकडे. चित्र इतकं जिवंत उतरलं होतं की मधुसूदनांना वाटलं, आपण दारात आडवे उभे आहोत आणि ही आपल्याला बाजूला व्हायला सांगतेय. कपाळाच्या मधोमध मात्र एक तेलकट, चकाकता ठिपका होता. तिथं काहीतरी होतं आणि आता नव्हतं.

त्यांनी नाक जवळ नेलं. साधं घरगुती तेल. खालचा रंग कुठंही खरवडलेला नव्हता. ज्यानं पुसलं त्यानं आधी तेलाचं बोट लावलं होतं, मग मऊ फडक्यानं हलक्या हातानं पुसलं होतं. तेलात एक काळा कण चिकटला होता. मधुसूदनांनी तो नखानं उचलला आणि रुमालाच्या कोपऱ्यात बांधला.

"रंगाचा कण असेल," लतिकाबाई म्हणाल्या. त्या धावत आल्या होत्या.

"असेल. पण बाई, एक कुंकवाचा टिळा पुसला म्हणून एवढा गहजब? चित्रकार इथंच आहेत. लावतील दुसरा."

"आत्ता लावतो," मुकुंद म्हणाला. "उद्या ती येण्याआधी लावायलाच हवं."

"थांबा," लतिकाबाईंनी त्याचा हात धरला. "मधुसूदनराव, तुम्हाला माहीत नाही. ते रंगाचं कुंकू नव्हतं. ते खरं कुंकू होतं. तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं."

२

लतिकाबाईंच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. त्यांनी सांगितलं ते असं.

चित्रातली बाई कौसल्या. चितारओळीच्या मागच्या गल्लीत राहते, बिड्या वळून पोट भरते. तिचा नवरा देवराव मूर्तिकार होता. तीन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, तो सिनेमाचे मोठमोठे बोर्ड रंगवायला म्हणून मुंबईला निघून गेला. जाताना बायकोला सांगितलंसुद्धा नाही. त्याचे वस्ताद चंपतराव यांच्यापाशी तेवढं बोलला आणि गेला. तेव्हापासून ना निरोप, ना खुशाली. गल्लीतल्या जिभांना काय, हाड थोडंच असतं! त्यानं तिकडं दुसरी केली, ही नांदवण्यासारखी नसेलच, असं सगळं तिच्या तोंडावर बोलून झालं.

"आणि कौसल्या?"

"वाट बघते. उद्घाटनाच्या दिवशी मुकुंदानं तिला आणलं. हार घातले, टाळ्या झाल्या, चित्रावरचा पडदा सरकला. आणि ही किंचाळली. चित्रात कपाळ मोकळं होतं. मुकुंदानं कुंकू काढलंच नव्हतं. म्हणाली, माह्यं कपाळ बोडकं काहून ठेवलं? माहा माणूस जिता आहे! मग तिनं कमरेची डबी काढली, मेणाचं बोट चित्राच्या कपाळावर टेकवलं आणि त्यावर कुंकू लावलं. एवढ्या लोकांसमोर!" लतिकाबाईंनी डोळे टिपले. "आता ती स्वतःच मुंबईला निघालीय. परवा, घट बसतात त्या दिवशी. खोली सोडली, भांडी विकली. ओळखीचं कुणी नाही, हातात पत्ता नाही. उद्या निरोप घ्यायला येणार आहे इथं. हे असं कपाळ बघितलं तर काय होईल तिचं?"

चोऱ्या-माऱ्या मधुसूदनांनी खूप बघितल्या होत्या. पण एकटी बाई अनोळखी शहरात नवरा शोधायला निघते आणि तिच्या चित्राचं कुंकू कुणीतरी पुसतो, हा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा? आणि तरी आतून कुणीतरी सांगत होतं की बाबा रे, हे साधं नाही.

त्यांनी मुकुंदाला आत बोलावलं.

"चित्रात कुंकू का काढलं नव्हतं तुम्ही?"

मुकुंद आधी घुटमळला, मग एकदम फाडकन बोलला. "कारण माझा हात धजला नाही! जो माणूस बायकोला वाऱ्यावर सोडून जातो त्याच्या नावाचं कुंकू मी कशाला रंगवू? मी तिला कितीदा म्हटलं, नको वाट बघूस. घरी आई म्हणते लग्न कर, वडील म्हणतात पोरगी बघून ठेवलीय, आणि मी..." तो थांबला. कान लाल झाले होते.

"आणि तुम्हाला कौसल्या आवडते."

"हो. लपवून काय करू? पण तिनं लावलेलं कुंकू मी पुसणार नाही, साहेब. माझ्या चित्रात जिवंत तेवढंच होतं."

बोलणं चांगलं होतं. पण चांगलं बोलणारे मधुसूदनांनी बक्कळ पाहिले होते. कुंकू नको होतं कुणाला? यालाच. चित्र पहिल्यासारखं कुणाला हवं होतं? यालाच.

मग धोंडबा आला. त्यानं कॉलर नीट केली होती.

"आज कोण कोण येऊन गेलं?"

"सकाळी शाळेच्या पोरी होत्या जी, बाईसंग. मी त्यायच्या मांगं मांगंच फिरलो. त्या गेल्यावर मी ह्या फोटोवरची धूळ झटकली, तवा कुंकू होतं. मंग चंपतराव वस्ताद आले, त्यायच्या मूर्तीले चीर पडली ते लिंपाले. मी चहाले गेलतो. आलो तं वस्ताद निघून राहिले होते. मंग तुम्ही आले, मंग हे मास्तर, आन्‌ आल्या आल्या माही कॉलर धरली."

"तुझ्यावरच संशय का घेतला त्यांनी?"

धोंडबा कसनुसं हसला. "दुसऱ्या कोणावर घेईन? आमी छप्पन साली दीक्षा घेतली. तवापासून आमच्या घरी पित्तर नाही, तर्पण नाही, काही नाही. लोकायले वाटते, ह्याले कुंकवाची काय किंमत. पण साहेब, बाईचं कपाळ आहे ते. मी काहून हात लावीन?"

"चंपतराव मूर्ती लिंपायला आले, तेव्हा काही बोलले?"

"नाही जी. एरवी हाक मारतात, बिडी देतात. आज माह्याकडे पाह्यलंबी नाही." धोंडबानं कॉलर पुन्हा सारखी केली. "रडून राहिले होते, असं वाटलं मले."

३

संध्याकाळी मधुसूदन घरी आले तेव्हा त्यांची आई सकाळच्या श्राद्धाची जागा झाडत होती. पोलीस लाइनीतलं बेताचं क्वार्टर, त्यात सकाळपासून पाट, दर्भ आणि पत्रावळी. म्हातारीचं कंबरडं मोडलं होतं.

"हे तीळ बाप्पा, कुठं कुठं जातात," ती पुटपुटली. "पाटाखाली तीळ, चटईत तीळ. तुझ्या सदऱ्यालाही असतील बघ."

मधुसूदनांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. उजेडात कण धरला. रंगाचा कण? छे! अख्खा, काळा, तुकतुकीत तीळ होता तो.

पहिल्यांदा त्यांना हसूच आलं. म्हणजे आपल्याच अंगावरचा! मोठे शोध लावायला निघाले इन्स्पेक्टर! पण दुसऱ्याच क्षणी हसू विरलं. श्राद्धानंतर त्यांनी अंघोळ केली होती, कपडे बदलले होते. आणि मुख्य म्हणजे, हा तीळ चित्राच्या कपाळावर तेलात रुतून बसला होता. मधुसूदनांनी बोट लावण्याआधीपासून तो तिथं होता. ज्यानं कुंकू पुसलं, त्याच्या बोटालाच तो होता.

"आई," त्यांनी विचारलं, "आज किती घरांत तर्पण असेल गं?"

"आज? आज कुणाकडे असणार? सगळ्यांचं उद्या, सर्वपित्रीला. ज्याची तिथी असेल त्याचं त्या दिवशी. रोज पाणी देणारे भटजी सोडले तर आजचा दिवस आपल्यासारख्या अभाग्यांचाच." तिनं केरसुणी टेकवली. "घातचतुर्दशी ना ही. ज्याचं माणूस अंथरुणावर नाही गेलं, पडून, बुडून, चिरडून गेलं, त्याच्याच घरी आज तीळ हातात घेतात. तुझे बाबा गेले तेव्हापासून मला हा दिवस कळला. त्याआधी ऐकलाही नव्हता."

मधुसूदन पाटावर बसलेच. चित्र कितीतरी दिवस भिंतीवर होतं. कुंकू पुसायचंच होतं तर आधी कधीही पुसता आलं असतं. मग आजच का?

कारण पुसणाऱ्यानं आज कुणाचं तरी श्राद्ध केलं होतं. अपघातात गेलेल्या माणसाचं. आणि हातावरचे तीळ वाळायच्या आत तो कौसल्येच्या चित्रापाशी गेला होता.

बाईचं कुंकू पुसतात ते एकाच गोष्टीनंतर. देवराव मुंबईत नव्हता. देवराव कुठल्याच गावात नव्हता. आणि तो कसा गेला हे या नागपुरात एका माणसाला माहीत होतं.

४

दुसऱ्या दिवशी अमावस्या. चितारओळीत मात्र पितरांना वेळ कुणाला होता? उद्या घट बसायचे, आणि गल्लीभर अर्ध्या रंगवलेल्या दुर्गा दारादारांत उभ्या होत्या. कुणाला हात नव्हते, कुणाचे सिंह अजून ओले होते, कुणाच्या पोटात भरलेलं भाताचं तणस बाहेर डोकावत होतं. मधुसूदन साध्या कपड्यांत चंपतरावांच्या दारी उभे राहिले.

वस्तादांची बायको पार्वतीबाई चुलीपुढे वडे तळत होती. घरचे सगळे पितर आज जेवणार होते.

"वस्ताद आत हायेत जी, मांगच्या खोलीत. बसा. प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नोका."

"तुमच्याकडे काल नव्हतं का काही? चौदसीचं?"

प्रश्न सहज टाकला होता. पार्वतीबाईनं झारा थांबवला.

"आमच्या घरी तसं कोणी गेलं नाही, बाप्पा. सासू-सासरे म्हातारे होऊन गेले. पण ह्यायचं काहीतरी हाये. तीन वर्सं झाले, चौदसीले मांगच्या दारी एकटंच पान टाकतात. मले म्हणतात, निराधाराचं हाये. तीळ-पाणी सोडतात आन्‌ कावळ्याची वाट पाहत बसतात. मी विचारलं तं अंगावर येतात. तुम्हाले कोणी सांगितलं?"

मधुसूदन आत गेले.

चंपतराव दुर्गेच्या एका मोठ्या मूर्तीसमोर मांडी घालून बसले होते. साठीचा, काटक माणूस. मूर्ती पूर्ण झाली होती, फक्त डोळे राहिले होते. बारीक कुंचला हातात होता, पण काळ्या रंगाची वाटी भरलेलीच होती. सकाळपासून त्यांनी एक रेघ ओढली नसावी.

"वस्ताद, मी पोलिसातला आहे. संग्रहालयातल्या चित्राबद्दल आलोय."

"मी लिंपाले गेलतो," चंपतराव वळूनही न बघता म्हणाले. "माही मूर्ती तडकली होती."

"ते खरं. पण कुंकूही तुम्हीच पुसलंत." मधुसूदन समोर येऊन बसले. "चित्राची खराबी करायची असती तर माणूस खरवडेल, फासेल. हे कुणीतरी तेल लावून, जपून पुसलं. त्या तेलात तीळ सापडला. धोंडबाकडे छप्पन सालापासून तर्पण नाही. मुकुंदाचे आई-वडील दोघंही हयात आहेत, तो हातात तीळ धरत नाही. उरलात तुम्ही. आणि काल चौदस होती. वस्ताद, तुमच्या घरी घातानं कुणीच गेलं नाही, मग ते पान कुणाचं?"

बाहेर कुणीतरी रंग ढवळत होतं. चंपतरावांनी कुंचला खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर पालथे टाकले, जसे काही ते हात दुसऱ्याचे आहेत.

"देवरावचं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कुणी विचारायचीच वाट पाहत होते, असं सांगितलं.

"कन्हानच्या काठी एका जागेची माती लोण्यासारखी हाये, सायेब. वावरवाल्यानं मना केलं होतं, तरी आमी दोघं गेलो. गणपतीचे दिवस तोंडावर होते. दरड चिरली होती. देवरावनं मले दाखवलीबी. म्हणे, वस्ताद, आज राहू द्या. मी म्हणलो, भेतो काय गा? उतर खाली. तो उतरला जी. माह्या शब्दाले त्यानं कधी नाही म्हटलं नाही."

"आणि दरड आली."

"आली. मी हातानं उकरलं. नखं निघाले माहे. हाती लागला तवा त्यात काही राह्यलं नव्हतं." चंपतरावांनी नखांकडे पाहिलं. "मले काय वाटलं असंल, तुम्ही सांगा. वावर दुसऱ्याचं, उतरवलं मी, मेला तो. आता मले फाशी. मी माती परत लोटली त्याच्यावर. ज्या मातीचे जलमभर देव केले, तीच लोटली. दगड ठेवला वर आन्‌ पळून आलो. दारात कौसल्या उभी. तोंडातून निघून गेलं, ममईले गेला म्हणून. एकदा निघालं, मंग गिळता नाही आलं."

मधुसूदनांचा संताप उसळून आला. "ती तीन वर्षं उंबऱ्यावर बसलीय! लोक तिला टाकलेली म्हणतात. तुम्ही ऐकत राहिलात!"

"ऐकून राह्यलो," चंपतराव म्हणाले. "रोज ठरवलं, आज सांगीन. तिनं फोटोले कुंकू लावलं, म्हणे माहा माणूस जिता हाये, तवा मी तिथंच होतो मांगं. आन्‌ इकडं तीन वर्सं पान टाकून राह्यलो, कावळा शिवत नाही. येते, भिंतीवर बसते, पाहते आन्‌ उडून जाते. मले वाटलं, हा अडकला. बायकोच्या कपाळावर कुंकू हाये, मंग हा मेलेला कसा? आन्‌ जिताबी नाही. तिच्या कपाळाले हात लावाची माही छाती नव्हती. म्हणून फोटोचं पुसलं. वाटलं, आता तरी शिवंल."

"आणि?"

"घरी आलो. पान तसंच होतं."

पार्वतीबाई दारात उभी होती. झारा हातातच राहिला होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

मधुसूदन उठले. "कौसल्याबाई दुपारी संग्रहालयात जाणार आहे. उद्या ती गाडीत बसेल. तुम्ही सांगता की मी सांगू?"

चंपतराव भिंतीचा आधार घेत उभे राहिले. "तोंड माह्यंच खोटं बोललं, सायेब. मीच सांगतो."

५

कौसल्येची खोली रिकामी झाली होती. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा तेवढा उरला होता. मधोमध एक गाठोडं, आणि ती त्याची गाठ आवळत बसली होती. चित्रातल्यापेक्षा ती वाळलेली होती. पण कपाळावरचं कुंकू मोठं, ताजं, जपून लावलेलं.

वस्तादांना बघताच ती पदर सावरत उठली. सासऱ्याला म्हणावं तसं ती त्यांना मामाजीच म्हणत असे.

"मामाजी! या न जी. बरं झालं आले. मीच येणार होती पाया पडाले. उद्या जाऊन राह्यली न मी." आणि ती वाकली.

चंपतराव चटका बसल्यासारखे मागे सरकले. "नको वं माय! माह्या पायाले हात नोको लावू!"

ती वाकलेलीच राहिली. मग तिनं मधुसूदनांकडे पाहिलं, त्यांच्या पोलिसी मिशांकडे, उभं राहण्याकडे. ती काही वेडी नव्हती.

"काय झालं?"

मधुसूदनांना वाटलं, आता आपल्यालाच बोलावं लागणार. पण म्हातारा खाली बसला, जमिनीला दोन्ही हात टेकले आणि मान न उचलता म्हणाला, "देवराव ममईले गेलाच नाही, कौसल्या. दरडीखाली गेला. मीच उतरवलं त्याले. मीच पुरलं. आन्‌ मीच तुले खोटं सांगितलं."

मधुसूदनांनी आजवर कितीतरी घरांत मरणाची बातमी पोचवली होती. कुणी कोसळतं, कुणी ओरडतं, कुणी अंगावर धावून येतं. त्यांनी मनाची तयारी केली. कौसल्येनं त्यातलं काहीच केलं नाही. ती चंपतरावांच्या टकलाकडे पाहत होती, आणि तिनं विचारलं ते अगदी हळू.

"म्हणजे तो मले टाकून नाही गेला?"

"नाही वं माय."

"दुसरी नाही केली?"

"त्या दिवशी सकाळी म्हणत होता, गणपती झाले की कौसल्येले नाथबाबाच्या जत्रेले नेईन."

तिनं डोळे मिटले. क्षणभर तिच्या तोंडावर असं काही आलं की मधुसूदनांना दुसरीकडे बघावं लागलं. नवरा मेल्याची बातमी ऐकणाऱ्या बाईच्या तोंडावर सुख दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढं कुणाला सांगितलंही नाही.

"कुठं हाये तो?"

"कन्हानच्या काठी. दगड हाये वर."

"कन्हानवर?" आता तिचा आवाज फुटला. "इतक्या जवळ? मी दर साली कामठीच्या पुढं मावशीकडे जाते, मामाजी! त्याच रस्त्यानं! बसच्या खिडकीतून नदी पाहते न मी! त्याच्या जवळून गेली आन्‌ माणूस ममईत शोधून राह्यली?" तिनं गाठोडं बाजूला लोटलं. "मेल्याची बायको होऊ द्याची होती मले. एकदाच रडून मोकळी झाली असती. तुमी मले तीन वर्सं टाकलेली बाई केलं. त्याले पळपुटा केलं. त्यानं तुमचं काय बिघडवलं होतं?"

चंपतराव जमिनीला टेकलेले हात उचलतसुद्धा नव्हते.

गल्लीत कानोकान गेलं असावं. दारात बायका जमल्या. पार्वतीबाई सगळ्यांना सारून आत आली, नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिनं कौसल्येला पोटाशी धरलं आणि रडत रडत, पिढ्यान्‌पिढ्या करत आलेल्या सवयीनं, तिचा हात पदराच्या टोकासह कौसल्येच्या कपाळाकडे गेला.

कौसल्येनं तो हात हवेतच धरला.

"राहू द्या, काकू. आज नाही."

"माय, पण..."

"उद्या सायेबासंग नदीवर जाईन. त्याले पाहीन, आन्‌ तिथं माह्या हातानं पुसीन. त्याच्या आधी कोणी हात लावू नोका. फोटोलेबी नाही, मलेबी नाही." ती मधुसूदनांकडे वळली. "सायेब, तीन वर्सांनी माणूस घरी आला माहा. एक दिवस तरी लावू द्या."

मधुसूदनांनी मान डोलावली. त्यांनी चंपतरावांना दंडाला धरून उठवलं आणि बायकांनी वाट दिली तशी बाहेर नेलं.

कौसल्या गाठोड्यापाशी बसली. आवळलेली गाठ तिनं दातांनी सोडवली. मुंबईत भेटला तर घालायला म्हणून धुऊन, घडी करून घेतलेला देवरावचा सदरा बाहेर काढला, तो तोंडावर दाबला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.